दिवस भरण्याआधीच प्रसूती: हवेचा वाटा किती आणि आईच्या माथी किती?

झुळूक
माझ्या बहिणीची प्रसूती ३३ व्या आठवड्यात झाली. बाळ आता छान बाळसं धरतंय, त्यामुळे ती काळजी मिटली. थांबला नाही तो पंचनामा. ही स्कूटर चालवायची, जिने चढायची, रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, नोकरी काही सोडली नाही... जो येतो तो एक कलम वाढवून जातो. ऐकून ऐकून आता तीच ही यादी लोकांना सांगायला लागली आहे.

तिचं ऑफिस एका मोठ्या चौकाला लागून, पहिल्या मजल्यावर. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावरून संध्याकाळी बोट फिरवलं तर काळं होतं, आणि ते धुळीसारखं झटकून जात नाही, काजळीसारखं चिकटून राहतं. हे कलम मात्र पंचनाम्यात कुणीच घातलेलं नाही.

आता मला चौथा महिना लागलाय आणि मीही अशाच रस्त्यावर राहते. डॉक्टरांना विचारलं तर "हवा काय, सगळेच घेतात. तुम्ही लोहाच्या गोळ्या चुकवू नका," म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. नेटवर एकतर 'काही होत नाही' नाहीतर 'शहर सोडा'. म्हणून इथे विचारते. दूषित हवेमुळे दिवस भरायच्या आधी प्रसूती होते हे खरंच दिसून आलंय का? आलं असेल तर धोका किती? आणि जिला घर-नोकरी काहीच बदलता येणार नाही तिने करायचं काय? कृपया फॉरवर्ड चिकटवू नका.

वाचनमात्र
अभिनंदन! जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.

उंटावरचा शहाणा
आमच्या आजीने जन्मभर चुलीपुढे बसून दहा बाळंतपणं काढली. धुराने डोळे लाल, पण एकही मूल 'प्रीमॅच्युअर' नाही. आताच्या पिढीला मोबाइलवर आकडा दिसला की श्वास लागतो. काळजी घ्या, पण फार वाचू नका, एवढंच सांगेन.

भोचक भवानी
@उंटावरचा शहाणा, दहातली जगली किती ते आजीला विचारलंत का कधी?

उंटावरचा शहाणा
सहा. पण ते साथीचे रोग होते हो.

भोचक भवानी
चार गेली त्यातली कुठली साथीने गेली आणि कुठली 'अशक्तच होती' म्हणून गेली, हे त्या घरात कुणी लिहून ठेवलं असेल तर दंडवत. जन्मलेलं बाळ कुणी वजनकाट्यावर घालत नव्हतं आणि आठवडे कुणी मोजत नव्हतं. त्यामुळे 'एकही प्रीमॅच्युअर नाही' हे विधान तेवढं मागे घ्या, बाकी आजींबद्दल आदर आहेच.

रात्रपाळी
मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे, बरीच वर्षं. थोडं लिहिते.

३७ आठवडे पुरे व्हायच्या आधी जन्मलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३२ च्या आतलं असलं की आम्ही जास्त सावध, २८ च्या आतलं असलं की सगळा विभाग धावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दहात एक. त्यातली बहुतेक ३२ ते ३७ मधली असतात, झुळूक यांच्या भाचरासारखी, आणि नीट काळजी घेतली तर घरी जातात. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारणही जगभरात हेच आहे, त्यामुळे हलक्यातही घेऊ नये.

अशा बाळाचं मुख्य दुखणं फुफ्फुसांचं. श्वास सोडल्यावर आतले बारीक फुगे मिटून जाऊ नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो, तो शेवटच्या आठवड्यांत तयार होत जातो. बाळ लवकर आलं की तो कमी पडतो. मग पावलाला गुंडाळलेला लाल दिव्याचा सेन्सर, आणि वर पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा. आया बाळाकडे बघतच नाहीत सुरुवातीला, त्या आकड्याकडे बघत बसतात. आणि एकदा तो आकडा स्थिर झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, माझं काय चुकलं?"

खरं सांगायचं तर पुष्कळ वेळा आम्हालाही कारण सापडत नाही. रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग, जुळं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, आधीची अशीच प्रसूती, तंबाखू, या सगळ्याला केसपेपरवर रकाना आहे. हवेला नाही. त्यामुळे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहीत नाही. तुमचे डॉक्टर तुसडे असतील असं नाही, त्यांच्या कागदावर तो प्रश्नच छापलेला नाही.

झुळूक
रात्रपाळी, हा प्रतिसाद बहिणीला जसाच्या तसा पाठवला. मनापासून आभार.

तिरकस
घरातल्या प्रदूषकांत घोरणारा नवरा मोडतो का? त्याला शेवटचे तीन महिने बाहेरच्या खोलीत हलवण्यासाठी शास्त्रीय आधार हवा आहे.

भोचक भवानी
ठ्ठो! तो ध्वनिप्रदूषणाच्या धाग्यावर मिळेल.

उंटावरचा शहाणा
ठीक आहे, आजीचा मुद्दा सोडला. पण एक सरळ शंका. मोठ्या रस्त्यांच्या, कारखान्यांच्या कडेला राहतं कोण? ज्यांना दुसरीकडे परवडत नाही ते. त्यांना खायला कमी, आराम कमी, दवाखाना लांब, डोक्याला ताप जास्त. मग प्रसूती लवकर झाली तर ती हवेमुळे की गरिबीमुळे, हे वेगळं कसं काढणार? 'प्रदूषित भागात अमुक टक्के जास्त' असलं काही दाखवू नका, ते मी मोजत नाही.

गणिती चष्मा
@उंटावरचा शहाणा, ही शंका एकदम रास्त आहे. या विषयातल्या लोकांचीही झोप तिनेच उडवली होती. प्रयोग तर करता येत नाही, अर्ध्या गरोदर बायकांना मुद्दाम धुरात कोण ठेवणार? म्हणून संशोधक अशा जागा शोधतात जिथे माणसं, घरं, दवाखाने सगळं तेच राहिलं आणि फक्त हवा बदलली.

पहिली जागा अमेरिकेतली युटा व्हॅली. तिथला जिनिव्हा स्टील हा पोलादाचा कारखाना कामगार-मालक वादात ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद राहिला. हवा सुधारायची म्हणून कुणी बंद केला नव्हता. खोऱ्यातली माणसं जिथल्या तिथे, धूर तेवढा गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कारखाना बंद असतानाच्या गरोदरपणांत मुदतीआधीच्या प्रसूती कमी झाल्या, त्यातही दुसऱ्या तिमाहीत बंदचा काळ आलेल्यांच्या ठळकपणे. खोऱ्याबाहेर तसा फरक पडला नाही.

दुसरी मला सगळ्यात आवडते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यांवर ई-झेडपास आला. गाडी थांबवायची नाही, यंत्र आपोआप पैसे कापतं. नाक्यावरच्या रांगा गेल्या, उभ्या गाड्यांचा आणि पुन्हा वेग घेतानाचा धूर गेला. जेनेट करी आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तिथल्या जन्मनोंदी तपासल्या. नाक्यापासून २ किलोमीटरच्या आतल्या आणि २ ते १० किलोमीटरवरच्या आयांची तुलना केली. आतल्या पट्ट्यात मुदतपूर्व जन्म १०.८ टक्क्यांनी घटले, कमी वजनाचे ११.८ टक्क्यांनी. बसवलं होतं गर्दी कमी करायला. नवजात बाळांचा विचार त्या टोलवाल्यांच्या गावीही नसणार.

तिसरी कॅलिफोर्निया. २००१ ते २०११ या काळात कोळशावर आणि तेलावर चालणारी ८ वीजकेंद्रं बंद झाली. ५ किलोमीटरच्या आत मुदतपूर्व जन्मांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलं. लांबच्या वस्त्यांत एवढी घट नाही.

गरिबी या तिन्ही ठिकाणी होती तशीच राहिली. आता सांगा.

उंटावरचा शहाणा
टोलनाक्याचं भारी आहे. विचार करतो.

वाचनमात्र
'विचार करतो' म्हणजे उद्या नवीन शंका.

काचपट्टी
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून 'आत नेमकं होतं काय' याबद्दल थोडंसं.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे. ते नाकात अडत नाहीत, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी सूक्ष्म रक्तात उतरतात. गरोदरपणात बाई एरवीपेक्षा जास्त हवा आत घेते, ४० टक्क्यांच्या आसपास जास्त. म्हणजे त्याच चौकातला धूर तिच्या वाट्याला एरवीपेक्षा जास्त येतो. कण आत गेले की शरीर दाह सुरू करतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्तदाब वाढू शकतो, आणि वार म्हणजे प्लासेंटाला रक्त कमी पडायला लागतं. प्रसूतीच्या कळा मुळात दाहासारख्याच रासायनिक निरोपांनी सुरू होतात, तेव्हा तो निरोप अवेळी गेला की काय होईल ते कळतंच.

बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण दाखवले. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं की वार गाळणीचं काम चोख करते. २०२२ मध्ये त्यांनी आणि स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाने मिळून गर्भाच्या यकृतात, फुफ्फुसात आणि मेंदूतही ते कण असल्याचं प्रसिद्ध केलं.

पण घाबरवायला हे लिहीत नाही. कण सापडणं आणि त्या कणांनी अमुक इजा केली हे सिद्ध होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मथळेवाल्यांना दुसरी दिसत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचं वेगळं सांगते, कारण तो घरातही होतो. कोळशाची शेगडी, बंद खोलीत चालू ठेवलेला जनरेटर, नादुरुस्त गीझर. गर्भाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा जास्त घट्ट धरून ठेवतं आणि सोडतंही हळू. आईला नुसतं डोकं दुखत असतं तेव्हा बाळाची अवस्था वाईट असू शकते. इथे मात्र घाबरावंच.

गॅजेटभाऊ
ताई, एवढं सगळं वाचून डोकं पिकवण्यापेक्षा एक चांगला प्युरिफायर घ्या आणि निवांत झोपा. हेपा म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर असावा, खोलीच्या आकाराला पुरेल एवढा सीएडीआर (मशीन किती वेगाने स्वच्छ हवा देतं तो आकडा) असावा, दारं-खिडक्या लावून वापरा. 'आयनायझर' आणि 'ओझोन फ्रेश' लिहिलेली मशीन घेऊ नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसाला वाईट. आणि हेपा फक्त कण गाळतो, वायू नाही. काचपट्टी म्हणतात तो कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरामात जातो, तेव्हा शेगडी पेटवून प्युरिफायर लावू नका. पुढच्या प्रतिसादात मॉडेलची तुलना टाकतो, फिल्टर बदलायच्या खर्चासकट, आणि

संपादक मंडळ
गॅजेटभाऊ, तुलना खरेदीच्या विभागात टाकावी. तसेच निवडणुकीशी संबंधित तीन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा आखाडा करू नये.

गणिती चष्मा
प्युरिफायरवर एक खरीखुरी चाचणी झाली आहे आणि ती गोंधळात टाकणारी आहे, म्हणून सांगतोच. मंगोलियाची राजधानी उलानबाटार, हिवाळ्यात घरोघर कोळसा, हवा जगातल्या सर्वात वाईट हवांपैकी. तिथे ५४० गरोदर बायकांपैकी निम्म्यांना घरात हेपा प्युरिफायर दिले. घरातले कण २९ टक्क्यांनी कमी झाले. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी ८५ ग्रॅमनी जास्त भरलं. पण प्युरिफायरवाल्या गटात मुदतपूर्व जन्म जास्त निघाले!

संशोधकांनी मांडलेली शक्यता अशी की स्वच्छ हवेमुळे, एरवी जे गर्भ टिकलेच नसते ते टिकले, आणि त्यातले काही लवकर जन्मले. पटण्यासारखं आहे, पण चाचणी लहान होती. तेव्हा प्युरिफायर जरूर लावा, 'निवांत झोपा' एवढं मात्र त्याच्या जोरावर म्हणता येणार नाही.

उंटावरचा शहाणा
विचार करून आलो. हापिन नावाची मोठी चाचणी तुम्ही सांगितली नाहीत! ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा, ३,२०० गरोदर बायका, अर्ध्यांना गॅस आणि शेगडी फुकट, अर्ध्या पूर्वीसारख्याच लाकूडफाट्यावर. २०२२ मध्ये निकाल आला. बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही. म्हणजे आमची आजी जिंकली की नाही?

वाचनमात्र
सांगितलं होतं ना.

गणिती चष्मा
मुद्दा चोख काढलात, दाद देतो. निकाल तसाच आहे, वजनातला फरक २० ग्रॅमच्या आसपास, तोही योगायोगाचा असू शकेल इतका. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. एक, त्या बायका चाचणीत आल्या तेव्हाच ९ ते २० आठवड्यांच्या गरोदर होत्या, गॅस मिळाला तो त्यानंतर. वार रुजायचा, तिच्या रक्तवाहिन्या घडायचा बराच काळ तोवर धुरातच गेला होता. दोन, गॅसवाल्यांच्याही श्वासात दर घनमीटरला २४ मायक्रोग्रॅमच्या आसपास कण होते, चुलीवाल्यांच्या ७१. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वर्षाची शिफारस आहे ५. घरातला धूर काढला तरी अंगणातली, शेजारची, गावातली हवा तीच राहिली. एकट्या घराने सुधारून किती सुधारणार, याचंच ते उत्तर आहे असं मी वाचतो.

आजी जिंकली नाही. पण शेगडी वाटली म्हणजे काम झालं असं मानणारेही हरले.

शेवंता
माझा अनुभव. बीजिंगमध्ये नोकरीनिमित्त काही वर्षं होतो. २००८ च्या ऑलिंपिकआधी कारखाने थांबवले होते, गाड्या सम-विषम क्रमांकाने, आणि अचानक लांबचे डोंगर दिसायला लागले. माझी शेजारीण तेव्हा आठव्या महिन्यात होती. ती रोज गच्चीवर जाऊन ते डोंगर बघायची, फोटो काढायची. पुढे वाचलं की त्या काळात ज्यांचा आठवा महिना आला त्यांची बाळं इतर वर्षांच्या मानाने सरासरी २३ ग्रॅम जास्त वजनाची भरली. स्पर्धा संपल्या, डोंगर पुन्हा गायब.

२३ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं म्हणाल, पण काही आठवड्यांच्या हवेने सरासरीच हलली हे विशेष.

बापमाणूस
एक बावळट प्रश्न. मी सिगरेट बाल्कनीत ओढतो, दार लावून. बायकोला चौथा चालू आहे. चालेल ना?

भोचक भवानी
नाही.

तिरकस
याहून छोटा आणि अचूक प्रतिसाद या संस्थळावर झालेला नाही.

रात्रपाळी
बापमाणूस, बावळट नाही, विचारलंत ते बरं केलंत. दाराच्या फटीतून, कपड्यांतून, श्वासातून तो आत येतोच. आणि सगळ्या हवेत हा एकच धूर असा आहे जो आजच्या आज शून्यावर आणणं तुमच्या हातात आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी झालेल्या देशांचा आढावा २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता, मुदतपूर्व जन्म साधारण १० टक्क्यांनी कमी झाल्याचा. नुसता कायदा करून! डास पळवायची कॉइलही बंद खोलीत लावू नका, जाळी आणि मच्छरदाणी लावा.

बापमाणूस
ओके सिस्टर. आजपासून बंद. (हे लिहून ठेवा म्हणजे पळता येणार नाही.)

सकाळची फेरी
मला डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलंय, 'शुद्ध हवा असते' म्हणून. खरंच असते का?

गणिती चष्मा
थंडीत बहुतेक शहरांत उलट. रात्री जमीन गार होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि रात्रभरचा धूर खालीच कोंडतो. सूर्य चांगला वर आला की झाकण उचललं जातं. उन्हाळ्यात पहाट बरी, कारण भर दुपारी ओझोन चढतो. वेळेपेक्षा रस्ता महत्त्वाचा. वाहत्या रस्त्यापासून दीडशे ते तीनशे मीटर आत गेलं की गाड्यांच्या धुराचं प्रमाण झपाट्याने उतरतं. एक गल्ली आतून चाला.

आणि मोबाइलवर बघायचंच तर एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक नको, पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा. एक्यूआयचा हिशेब देशागणिक वेगळा, त्यामुळे तीच हवा एका ॲपवर 'ठीक' आणि दुसऱ्यावर 'वाईट' दिसते.

निवडुंग
इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

मास्क, प्युरिफायर, आतली गल्ली, ॲप, कॉइल. सगळं बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. पण झुळूकची बहीण बघा. तिच्यावरच्या आरोपांत स्कूटर होती, जिना होता, लॅपटॉप होता. आता या धाग्याची लिंक कुणीतरी नातेवाईक उघडेल आणि त्यात तीन नवी कलमं घालेल: मास्क लावला नव्हता, प्युरिफायर घेतला नव्हता, मुख्य रस्त्याने चालली. धूर चौकाने सोडायचा, खुलासा पोटुशीने द्यायचा!

गणिती चष्मा यांनी सांगितलेली तिन्ही उदाहरणं परत वाचा. कारखाना बंद झाला, टोलच्या रांगा गेल्या, वीजकेंद्रं थांबली. बाळं पोटात राहिली ती यामुळे. त्यातल्या एकाही आईने काहीही 'काळजी' घेतली नव्हती. तिला माहीतसुद्धा नव्हतं.

भोचक भवानी
अनुमोदन. शब्द न् शब्द.

गॅजेटभाऊ
मग काय हातावर हात ठेवून बसायचं का? चौक सुधारेपर्यंत मूल शाळेत जाईल.

निवडुंग
बसा म्हणत नाही. प्युरिफायर परवडत असेल तर घ्या. फक्त 'घेतला नाही म्हणून झालं' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघता कामा नये.

गणिती चष्मा
निवडुंग यांच्या म्हणण्याला आकड्यांचाही आधार आहे. झुळूक यांचा मूळ प्रश्न 'धोका किती' हा होता आणि आपण कुणीच सरळ उत्तर दिलं नाही.

समजा कुठल्याशा वस्तीत शंभरात १० प्रसूती मुदतीआधी होतात आणि वाईट हवेने ही जोखीम दहा टक्क्यांनी वाढली. तर शंभरात १० च्या ११ होतील. म्हणजे एकटीपुरतं पाहिलं तर शंभरातल्या ८९ जणींना त्याच हवेत दिवस पूर्ण भरतातच. एकीने रात्रीची झोप घालवावी एवढा हा फरक नाही. पण वर्षाला १ लाख प्रसूती होणारं शहर घ्या. तिथे तोच फरक म्हणजे १,००० जास्तीची बाळं, सगळी रात्रपाळी यांच्या विभागात. आणि त्या हजारांतली कुठली हवेमुळे आणि कुठली एरवीही लवकर आली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे एका आईकडे बोट दाखवायला शास्त्राचा आधार नाही, ना हवेच्या नावाने ना स्कूटरच्या.

जगाचे अंदाज तर आणखी मागेपुढे होतात. २०१० साठी बाहेरच्या हवेशी जोडलेले मुदतपूर्व जन्म किमान २७ लाख धरले होते. २०१९ साठी घरातला धूर मिळवून जवळपास ६० लाख. दोन्हींत पद्धत वेगळी, गृहीतकं वेगळी, त्यामुळे शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणू नये. पण लाखांत आहे याबद्दल वाद नाही.

उंटावरचा शहाणा
या शेवटच्या प्रतिसादाला माझ्याकडे शंका नाही. नोंद घ्यावी.

वाचनमात्र
घेतली. स्क्रीनशॉटसह.

झुळूक
सगळ्यांचे आभार. काल बहीण आली होती तेव्हा तिने हा धागा पहिल्यापासून वाचला. टोलनाक्याच्या प्रतिसादाशी थांबली, दोनदा वाचला, आणि म्हणाली "म्हणजे मी नोकरी सोडून घरी बसले असते तरी घर त्याच रस्त्यावर होतं." त्यावर मी काही बोलले नाही. निवडुंग यांचा प्रतिसाद तिने आमच्या घरच्या ग्रूपवर टाकला आहे. तिथे सध्या शांतता आहे, फक्त एका काकांचा 'सुप्रभात' आला.

माझं म्हणाल तर झोपायची खोली मागच्या बाजूला हलवली. ऑफिसात खिडकीजवळची जागा सोडून आत बसायला मागितलं, मिळालं. कॉइल बंद. डॉक्टर बदलले नाहीत, पण या वेळी मी मायक्रोग्रॅमचा आकडा घेऊन गेले आणि माझ्या रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवा, असं त्यांना म्हणाले. आमच्या सोसायटीसमोर शाळेच्या बसेस अर्धा अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, त्याबद्दल शाळेला पत्र द्यायचं ठरलंय. मसुदा मी लिहिणार आहे, इथे टाकीन, दुरुस्त्या सुचवा.

रात्रपाळी, एक राहिलं. एन ९५ मास्क लावून जिना चढले की धाप लागते. नेहमीचा निळा सर्जिकल चालेल का?

रात्रपाळी
सर्जिकलच्या कडा मोकळ्या असतात, बारीक कण बाजूने आत येतात, त्यामुळे धुरासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. एन ९५ चौकात, रिक्षात, सिग्नलला लावा, जिन्यात काढा. सलग लावायची गरज नाही. बसल्या जागी, मास्क नसतानाही धाप लागत असेल तर मात्र हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि मास्कपेक्षा महत्त्वाचं: सातव्या-आठव्या महिन्यात पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर 'सकाळी बघू' करू नका, तडक दवाखाना गाठा. वेळेआधी कळा सुरू झाल्या आणि थोडा अवधी हाताशी असला तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. १९७२ पासून माहीत असलेला उपाय आहे, पण त्यासाठी आई वेळेत पोचायला लागते.

गॅजेटभाऊ
पत्राच्या मसुद्यात बसचे नंबर आणि वेळा लिहा. नुसतं 'धूर होतो' लिहिलं की फाइलला लागतं.

नवी पालवी
नमस्कार, मी इथे नवीन आहे. पाचवा महिना आहे आणि घरी रंगकाम काढायचं चाललंय. ऑइलपेंटच्या वासानेही असंच काही होतं का?

संपादक मंडळ
स्वागत आहे. यासाठी वेगळा धागा काढावा.

काचपट्टी
धागा काढाच, तिथे लिहिते. तोवर रंगारी बोलावू नका.